न दिसणारा निम्मा प्रकाश

आज २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. शाळाशाळांतून चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या तसबिरीला हार घातला जाईल, खायच्या सोड्याचा ज्वालामुखी फसफसेल आणि कुणी प्रमुख पाहुणे दोनशे रुपयांच्या उपकरणांची ती गोष्ट यंदाही सांगतील. रामन यांनी आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांनी १९२८ साली कोलकात्यात जे पाहिले ते तुटपुंज्या साधनांनी पाहिले, यात वाद नाही. पण या गोष्टीने आपल्या मनाला एक वाईट सवय लावली आहे. थोर विज्ञान स्वस्तातच होते, आणि ज्याला पैसा व वर्षे लागतात ते बहुधा उधळपट्टीचे असते, असे आपण धरून चाललो आहोत. रामन यांनी नेमके पाहिले काय, हे मात्र त्या भाषणांत फारसे येत नाही. पदार्थातून विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी अल्प अंश आपली तरंगलांबी बदलून बाहेर पडतो आणि त्या बदलात त्या पदार्थाच्या रेणूंच्या कंपनांचा हिशेब लिहिलेला असतो. प्रकाश किती आला यापेक्षा तो कोणत्या तरंगलांबीचा आला, या प्रश्नाला त्यांनी मान दिला. गेल्या साठ-सत्तर वर्षांतले खगोलशास्त्र याच प्रश्नाच्या जोरावर वाढले आहे. म्हणून आजच्या दिवशी थोडे त्या आकाशाबद्दल, जे आपल्याला दिसतच नाही.

आपले डोळे साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन एवढ्याच तरंगलांब्या टिपतात. त्याच्या अलीकडे अतिनील, क्ष-किरण, गॅमा किरण. पलीकडे अवरक्त, मिलिमीटर आणि रेडिओ लहरी. तारे आणि दीर्घिका या साऱ्याच पट्ट्यांत बोलत असतात. यातली अवरक्ताची पट्टी सापडली ती १८०० साली, जवळजवळ आनुषंगिकपणे. विल्यम हर्शेल सूर्याकडे रंगीत काचांमधून पाहत होते. काही काचांतून उजेड कमी आणि उष्णता जास्त जाणवते, हे त्यांच्या लक्षात आले. कोणता रंग किती तापवतो हे मोजायला त्यांनी लोलकातून पडलेल्या वर्णपटात तापमापक ठेवले. तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथला पारा सर्वांत वर चढला. मूळ पेशाने संगीतकार असलेल्या आणि युरेनस शोधून आधीच कीर्ती मिळवलेल्या या माणसाने तो आकडा चूक म्हणून सोडून दिला नाही.

शोध लागला खरा, पण आकाशासाठी त्याचा उपयोग व्हायला दीडशेहून अधिक वर्षे गेली. दरम्यान खगोलशास्त्रज्ञांची एक अडचण वाढत चालली होती. ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी नाही. तिथे धूळ आहे. आपल्या अंगणातल्या धुळीपेक्षा कितीतरी बारीक, मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाएवढे सिलिकेटचे आणि कार्बनचे कण. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी या कणांच्या आकाराच्या जवळपासची असल्याने तो त्यांच्यात अडकतो, विखुरतो, शोषला जातो. लांब तरंगांचा अवरक्त प्रकाश बराचसा निभावून जातो. धनू राशीच्या दिशेला, सुमारे सव्वीस-सत्तावीस हजार प्रकाशवर्षांवर आपल्या आकाशगंगेचे केंद्र आहे. तिथून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या लाख कोटी कणांपैकी जेमतेम एक आपल्यापर्यंत पोहोचतो. दोन मायक्रॉनच्या आसपासच्या अवरक्तात मात्र दहा-पंधरांतला एक पोहोचतो. एवढ्या फरकावर २०२० चे भौतिकशास्त्राचे अर्धे नोबेल उभे आहे. राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांच्या गटांनी अवरक्त कॅमेऱ्यांनी केंद्राजवळच्या ताऱ्यांचा वर्षानुवर्षे माग काढला. त्यांतला एक तारा सोळा वर्षांत आपली फेरी पुरी करतो. त्याच्या कक्षेवरून मधल्या अदृश्य वस्तूचे वजन निघाले, सूर्याच्या सुमारे चाळीस लाख पट, आणि ते कृष्णविवराखेरीज दुसऱ्या कशाला मानवत नाही.

धूळ नुसती आड येत नाही. ती शोषलेल्या प्रकाशाने तापते आणि ती ऊर्जा अवरक्तात परत करते. विश्वातल्या ताऱ्यांनी आजवर जेवढा प्रकाश बाहेर टाकला, त्यातला सुमारे निम्मा असा धुळीने गिळून अवरक्तात बदलला आहे, असे अवकाशातल्या पार्श्वप्रारणाच्या मोजणीतून दिसते. नुसत्या दृश्य प्रकाशावर विश्वाचा जमाखर्च मांडायचा, तर निम्मी खाती उघडलीच नाहीत असे होईल. शिवाय तारे जन्मतात ते नेमके धुळीच्या दाट ढगांत. मृग नक्षत्रातला तेजोमेघ दुर्बिणीतून सुंदर दिसतो, पण त्याच्यामागच्या ढगात दडलेला तरुण तारा बेकलिन आणि नॉइगेबाउर यांना १९६० च्या दशकात सापडला तो अवरक्तातच.

त्या काळातला या लोकांचा खटाटोप वाचताना मजा वाटते. गेरी नॉइगेबाउर आणि रॉबर्ट लेटन यांनी कॅलिफोर्नियात इपॉक्सीचा राळरस भल्यामोठ्या थाळ्यात ओतला, थाळा फिरता ठेवून तो तसाच घट्ट होऊ दिला आणि फिरण्याने आपोआप आलेल्या वक्र पृष्ठावर ॲल्युमिनियम चढवून ६२ इंची आरसा केला. माउंट विल्सनवरून त्या घरगुती दुर्बिणीने आकाश विंचरून काढले. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या यादीत साडेपाच हजारांहून अधिक अवरक्त स्रोत होते. त्यांतले कित्येक दृश्य प्रकाशात अगदीच मिणमिणते.

इथपर्यंत गोष्ट दोनशे रुपयांच्या चालीची आहे. पण पुढे ती तशी राहू शकत नव्हती. हवेतली वाफ अवरक्ताचा मोठा भाग वाटेतच शोषते. उरलेल्यात स्वतः हवा, दुर्बीण, आरसा, कॅमेरा, सगळेच उबदार असल्यामुळे चमकत राहतात. भर दुपारी तारे मोजण्याचा हा प्रकार आहे, कारण अवरक्तात पृथ्वीवर रात्र अशी होतच नाही. म्हणून उंच आणि कोरडे डोंगर, मग फुगे, मग विमाने आणि शेवटी अवकाश. आणि सोबत उपकरणे द्रवरूप हेलियमने गारठवून ठेवण्याची यातायात. अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांचा आयरास उपग्रह १९८३ च्या जानेवारीत गेला. हेलियम संपेपर्यंत, म्हणजे अवघे दहा महिने, तो जगला. तेवढ्यात त्याने जवळजवळ सारे आकाश दूरच्या अवरक्तात पाहिले, अभिजित ताऱ्याभोवती धुळीचे कडे दाखवले आणि आपली जवळजवळ सगळी ऊर्जा अवरक्तात टाकणाऱ्या दीर्घिका समोर आणल्या. २०२१ च्या नाताळात निघालेली जेम्स वेब दुर्बीण पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, टेनिसच्या मैदानाएवढ्या पाच पदरी छत्रीच्या सावलीत आहे. तिचा अठरा तुकड्यांचा साडेसहा मीटरचा आरसा सोन्याने मढवला आहे तो थाटासाठी नव्हे. सोने अवरक्त उत्तम परावर्तित करते म्हणून. तिचे एक उपकरण उणे २६६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवावे लागते. खर्च सुमारे दहा अब्ज डॉलर, आणि कल्पनेपासून उड्डाणापर्यंत पंचवीसेक वर्षे.

आपल्याकडे या मार्गावर कुणी चाललेच नाही, असे मुळीच नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभांच्या काळापासून विश्वकिरणांसाठी फुगे सोडले. पुढे हैदराबादच्या फुगा केंद्रातून एक मीटर व्यासाची दूर-अवरक्त दुर्बीण तीस किलोमीटरहून उंच चढू लागली. फुगेही तिथेच, पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्यांतून तयार होतात. रात्रभर निरीक्षण करायचे, मग फुग्यापासून दुर्बीण तोडायची, ती हवाई छत्रीने कुठेतरी शेतात उतरायची, आणि तिला शोधून, उचलून, दुरुस्त करून पुढच्या उड्डाणाला तयार करायचे. अशी उड्डाणे असली की तेलंगण-कर्नाटकाबरोबर महाराष्ट्राच्या सीमाभागातल्या जिल्ह्यांनाही सूचना जातात, की आकाशातून काही उतरले तर उघडू नका, पोलिसांना कळवा. जपानी शास्त्रज्ञांच्या वर्णपटमापकाने याच दुर्बिणीतून १५८ मायक्रॉनवरची कार्बनची रेषा ताऱ्यांच्या जन्मस्थानांत मोजली गेली. या दुर्बिणीच्या कामातले एस. एन. टंडन पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत गेले आणि भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या अतिनील दुर्बिणीचे शिल्पकार ठरले. अवरक्त ते अतिनील हा एका माणसाच्या आयुष्यातला प्रवास शाळेच्या पाठ्यपुस्तकात यायला हवा होता. आला नाही.

आता मूळ मुद्दा. अवरक्त दुर्बीण हवी, ती दृश्य प्रकाशाच्या जागी नव्हे. तिचे मोल कळते ते दोन्ही निरीक्षणे शेजारी ठेवल्यावर, आणि सर्वांत जास्त कळते ते ती परस्परांशी जुळत नाहीत तेव्हा. सप्तर्षींच्या दिशेला सव्वा कोटी प्रकाशवर्षांच्या आत असलेली एम ८२ नावाची दीर्घिका घ्या. दृश्य प्रकाशात ती एका बाजूने दिसणारी लांबट तबकडी आहे, मध्यावर काळसर धुळीचे पट्टे. अवरक्तात हेच पट्टे धगधगतात. तारे आपल्या आकाशगंगेच्या सुमारे दहापट वेगाने जन्मत असलेली भट्टी तिथे आहे, आणि कार्बनच्या मोठ्या रेणूंची काजळी तबकडीच्या वर-खाली हजारो प्रकाशवर्षे पसरली आहे. क्ष-किरणांत दिसतो तो लक्षावधी अंशांनी तापलेला वायू, तबकडीला आडवा छेद देऊन बाहेर उसळणारा. रेडिओत तर केंद्रभागात अतिनवताऱ्यांचे डझनावारी अवशेष दिसतात, ज्यांपैकी बहुतेकांची खूण दृश्य प्रकाशात नाही. चार पट्ट्या, चार वेगळी म्हणणी. जमिनीच्या वादात सातबारा एक सांगतो, गटनकाशा दुसरे आणि प्रत्यक्ष मोजणी तिसरे. जिथे ती जुळत नाहीत तिथेच खरा प्रश्न दडलेला असतो. तबकडी शांत दिसते आणि रेडिओ म्हणतो तारे भराभर मरताहेत, तेव्हाच विचारावेसे वाटते की एवढे जड तारे आले कुठून. उत्तर अवरक्तात मिळते. आणि त्या ताऱ्यांच्या मृत्यूने बाहेर फेकलेला वायू दीर्घिकेचे इंधनच घेऊन चालला आहे, हे क्ष-किरणांत.

यावर एक आक्षेप हमखास येतो, विशेषतः भ्रमणध्वनीवर वेबची चित्रे फिरू लागल्यापासून: रंग तर संगणकाने भरलेले, मग हे खरे कसे? आक्षेप अगदीच फोल नाही. नासाच्या चित्रांना आपण भिंतीवरच्या तसबिरींसारखे वागवतो आणि चित्राखालची बारीक अक्षरे वाचत नाही. पण रंग मन मानेल तसे भरलेले नसतात. आखूड तरंगलांबीला निळा, लांब तरंगलांबीला तांबडा, असा क्रम सहसा पाळला जातो. त्यामुळे चित्रातला तांबडा भाग जास्त थंड किंवा जास्त धुळीने झाकलेला आहे, हे जाणकार डोळ्याला कळते. चित्र पाहणाऱ्याने तो क्रम शिकून घ्यायला हवा, इतकेच. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात ज्वालामुखीऐवजी हे शिकवले तर?

वेगवेगळ्या पट्ट्यांनी एकमेकींना हाक मारण्याची गरज १७ ऑगस्ट २०१७ रोजी जेवढी उघड झाली तेवढी आधी क्वचितच झाली असेल. तेरा कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. गुरुत्वीय लहरी टिपल्यावर दोनच सेकंदांच्या आत गॅमा किरणांची ठिणगी आली. अकरा तासांनी चिलीतल्या एका छोट्या दुर्बिणीला तो प्रकाश दृश्य पट्टीत सापडला. निळी झाक दोन-तीन दिवसांत विझली, अवरक्त तेज मात्र टिकून राहिले. जड मूलद्रव्ये तिथे नुकतीच घडली होती आणि त्यांच्या दाटीतून आखूड तरंगांचा प्रकाश बाहेर येऊ शकत नव्हता, हे त्या अवरक्त तेजाने सांगितले. सोने-प्लॅटिनमच्या जन्माचा हा पहिला भक्कम पुरावा. क्ष-किरण नवव्या दिवशी आले, रेडिओ सोळाव्या. पुढे कित्येक महिने हा रेडिओ प्रकाश मोजणाऱ्यांत आपली खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणही होती. ॲस्ट्रोसॅट त्या क्षणी पृथ्वीच्या आड होता; त्याला काही दिसले नाही, पण आकाशाचा कोणता भाग पृथ्वीने झाकला होता हे ठाऊक असल्याने त्या न दिसण्यानेही शोधाची जागा आकसली.

जुन्नर तालुक्यातल्या खोडदला आज जत्रा असेल. जीएमआरटीच्या दारात शाळांच्या बसगाड्या लागतील, आणि पंचेचाळीस मीटरच्या तारेच्या जाळीच्या तबकडीकडे मान वर करून पाहणारी मुले विचारतील की यातून चंद्र दिसतो का. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली ही तीस तबकड्यांची दुर्बीण चित्रे पाहायला नाही, लांब रेडिओ लहरी मोजायला आहे, आणि या पट्टीत ती आजही जगातल्या अव्वल दुर्बिणींत गणली जाते. ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. पाच वर्षांसाठी म्हणून गेलेला उपग्रह दहा वर्षे उलटूनही कामात राहिला. आयुकाच्या कनक साहा यांच्या गटाने २०२० मध्ये त्याच्या अतिनील निरीक्षणांतून अशी दीर्घिका शोधली, जिचा प्रकाश नऊशे तीस कोटी वर्षे प्रवास करून आला आहे. म्हणजे वर्णपटाच्या दोन टोकांना आपले स्वतःचे डोळे आहेत. मध्ये, अवरक्तात, ते अपुरे आहेत. गुरुशिखरावर अहमदाबादच्या संस्थेची १.२ मीटरची दुर्बीण, लडाखमधल्या हानले इथली दोन मीटरची, देवस्थळची ३.६ मीटरची आणि तिच्यावर टाटा संस्थेने बसवलेली अवरक्त उपकरणे. कामे चांगली झाली, पण जगाने आठ-दहा मीटरच्या आरशांपर्यंत मजल मारून तीसेक वर्षे झाली.

याचा परिणाम काय होतो, हे अलीकडच्या एका आनंदाच्या बातमीतच दिसते. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी एका दीर्घिकेची माहिती प्रसिद्ध केली. नाव ठेवले अलकनंदा. विश्व अवघे दीडशे कोटी वर्षांचे, म्हणजे आजच्या वयाच्या दहाव्या हिश्शाचे होते तेव्हाची ही दीर्घिका, आणि तरी रेखीव दोन भुजांची सर्पिल तबकडी. व्यास सुमारे तीस हजार प्रकाशवर्षे, ताऱ्यांचे वजन सूर्याच्या सुमारे हजार कोटी पट, आणि दरवर्षी साठेक सूर्यांएवढे नवे तारे. त्या काळातल्या दीर्घिका ओबडधोबड, गाठीगाठींच्या असाव्यात, असे धरून चालले होते. एवढी व्यवस्था इतक्या लवकर कशी बसली, हा आता सिद्धान्तकारांसमोरचा पेच आहे.

ती अवरक्ताशिवाय दिसली नसती, आणि याचे कारण धूळ नाही. विश्वाच्या प्रसरणाने तिचा प्रकाश पाचपट ताणला गेला आहे. तिच्या जुन्या, स्थिरावलेल्या ताऱ्यांचा हिरवट-पिवळा प्रकाश आपल्यापर्यंत अडीच मायक्रॉनच्या पुढे येऊन ठेपतो. हबल दुर्बिणीची धाव त्याच्या बरीच अलीकडे संपते. हबलला तिच्यातले फक्त नवजात, अतिनील ओकणारे तारे दिसले असते, इकडेतिकडे विखुरलेले ठिपके म्हणून, आणि आपण तिला ओबडधोबड गटात टाकून मोकळे झालो असतो. वेबने हा भाग वीसेक वेगवेगळ्या गाळण्यांतून टिपला होता. प्रत्येक गाळणीत दीर्घिका किती तेजस्वी दिसते हे मोजून तिचे अंतर, वय आणि वजन निघाले. वाटेतल्या एबेल २७४४ या दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वाकर्षणानेही भिंग होऊन तिला जवळजवळ दुप्पट उजळ केले.

पुण्यातल्या या दोघांनी वेबवर वेळ मागितला नव्हता. सर्वांना खुल्या केलेल्या साठ्यातल्या हजारो दीर्घिकांमधून त्यांनी ती निवडून काढली. रेडिओ संस्थेतली माणसे अवरक्त माहितीत सहज वावरतात, हे चांगले लक्षण आहे. खुली माहिती हे या काळाचे मोठे देणे आहे, आणि ते घेण्यात कमीपणा नाही. पण दुसऱ्याने कुठे पाहायचे ठरवले, कोणत्या गाळण्या लावल्या, किती वेळ थांबला, यावर आपला प्रश्न बेतावा लागतो. ज्याची दुर्बीण त्याचा पहिला प्रश्न.

म्हणून हानलेचा विषय लांबवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. साडेचार हजार मीटर उंची, गोठवणारी थंडी, हवेत वाफ नावापुरती: अवरक्तासाठी भारतात यापेक्षा सोयीची जागा ज्ञात नाही. तिथे तेरा-चौदा मीटरच्या, तुकड्यातुकड्यांच्या आरशाची राष्ट्रीय दृश्य-अवरक्त दुर्बीण उभारण्याची योजना बंगळुरूच्या खगोलभौतिकी संस्थेत बरीच वर्षे आकार घेते आहे. ती दोनशे रुपयांत होणार नाही, पाच वर्षांतही होणार नाही. जीएमआरटीची कल्पना १९८० च्या दशकात मांडली गेली आणि ती पुरी कामाला लागेपर्यंत नव्वदचे दशक संपत आले. त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ ती आपल्याला परतफेड करते आहे. स्क्वेअर किलोमीटर ॲरे या जागतिक रेडिओ प्रकल्पासाठी २०२४ मध्ये केंद्राने साडेबाराशे कोटी रुपये मंजूर केले आणि त्याची सूत्रे पुण्याकडे आली, ती या जुन्या गुंतवणुकीमुळेच. अवरक्तातही तशी गुंतवणूक आधी करावी लागेल, आणि फळ पाहायला आजचे अर्थमंत्री व आजचे संपादक असतीलच असे नाही.

अलकनंदेपुरते बोलायचे तर पुढचा प्रश्न ठरला आहे. तिची तबकडी सुरळीत फिरते आहे की तिच्यातला वायू घुसळला जातो आहे? भुजा तिच्या स्वतःच्या अंतर्गत लयीतून आल्या, की शेजारून गेलेल्या एखाद्या लहान दीर्घिकेने ओढून काढल्या? चित्रांतून हे कळत नाही; वायूचा वेग मोजावा लागेल, आणि त्यासाठी वेबचाच वर्णपटमापक किंवा चिलीच्या वाळवंटातली अल्मा ही मिलिमीटर दुर्बीण लागेल. वेबवर वेळ मागणारे अर्ज दरवर्षी उपलब्ध तासांच्या कितीतरी पट येतात. पुण्याचा अर्ज त्याच रांगेत उभा राहील.